यादीतलं एकट्याचं कुटुंब

कर्नाटकात दांडेलीहून अंबिकानगरला जाताना वाटेत कुळगी लागते. बाहेरच्या माणसांना ती वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे माहीत असते. माझं काम डांबरी रस्ता सोडल्यावर सुरू होतं. झाडीतून आत गेलं की गवळ्यांचे वाडे आणि कुणब्यांची दोन-दोन, चार-चार घरं. समग्र शिक्षण योजनेत गृहाधारित शिक्षणाची सोय आहे. ज्या मुलाला शाळेपर्यंत पोचता येत नाही, त्याच्या घरी शिक्षिकेनं जायचं. या भागात मी तेच करत आले. मुलाला टेकून कसं बसवायचं, घास देताना मान कशी धरायची, नाणी कशी ओळखायला शिकवायची, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मुलं अठरा वर्षांची होऊ लागली तेव्हा जे समोर आलं, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं. मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा या वयाचा. २०१२ च्या दुरुस्तीनं तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा हक्क त्यात आला. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या एकतिसाव्या कलमानं चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण दिलं. म्हणजे वाढदिवस झाला की शिक्षिकेचं येणं संपलं. शाळेत नाव असलेल्या मुलीला महिना दोनशे रुपये विद्यावेतन मिळत असेल, तर शाळेबरोबर तेही जातं.

आणि त्याच दिवशी मोठ्या माणसाचे सगळे हक्क त्याच्याकडे येतात. मत देता येतं. जमिनीचे आणि पैशाचे व्यवहार स्वतः करता येतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातलं असेल आणि अपंगत्व ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर केंद्राचं महिना तीनशे रुपयांचं निवृत्तिवेतन अठरापासूनच सुरू होतं, त्यावर राज्य आपली भर घालतं. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव असतात आणि त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, मनोविकार आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी असतो. कागदावर ही सुरुवात फार मोठी आहे. पण ज्या दिवशी ती होते, नेमकं त्याच दिवशी त्या घरी कायद्याची माहिती घेऊन जाणारं एकुलतं एक माणूस जायचं बंद होतं. मला हे कधीच पटलं नाही, म्हणून मी जात राहिले.

अपंगत्वाच्या दाखल्याचंच घ्या. बौद्धिक अपंगत्वाचा दाखला पाच, दहा आणि अठरा या वयांना नव्यानं घ्यावा लागतो. अठराव्या वर्षी मिळतो तो मग जन्मभर चालतो. पहिले दोन दाखले शाळेच्या शिबिरात होऊन जातात, कारण शाळेला ते हवे असतात. शेवटचा, जो सगळ्यांत महत्त्वाचा, तो कुणाच्याच कामाच्या यादीत नसतो. जुना दाखला संपला की निवृत्तिवेतन अडतं आणि घरच्यांना कारण कळत नाही. कुळगीहून दाखल्याच्या कामाला निघायचं तर आधी दांडेली गाठावी लागते. जिल्ह्याचं ठिकाण कारवार, म्हणजे अणशीचा घाट उतरून जायचं. मुलाला फिट येत असतील तर त्या वळणांचीच आईला धास्ती असते.

तपासणीच्या खोलीत आणखी एक गोष्ट घडते. विचारणारा कन्नडमधून विचारतो आणि आमचं गवळ्यांचं पोर घरात मराठी बोलतं, तीही त्यांची स्वतःची. प्रश्नच न कळलेलं मूल गप्प राहतं आणि त्या गप्प राहण्याचे गुण कागदावर चढतात. म्हणून मी मुलाबरोबर आत जाऊ द्या असा हट्ट धरते. डॉक्टर नाही म्हणत नाहीत. खरं तर त्यांनाही दुभाषी हवाच असतो.

आता पुनर्वसनाच्या त्या यादीकडे येते.

अणशीचं राष्ट्रीय उद्यान आणि दांडेलीचं अभयारण्य मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. २०१५ पासून त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्रातल्या कुटुंबांनी स्वतःहून बाहेर पडायचं ठरवलं तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या योजनेतून दर कुटुंबाला दहा लाख रुपये मिळत. २०२१ मध्ये ती रक्कम पंधरा लाख झाली. जावं की राहावं, हा वाद इथे घराघरांत आहे आणि तो मी इथे सोडवायला बसलेली नाही. कुणब्यांचं कंदमुळांचं शेत, गवळ्यांची चराई, पूर्वजांची देवस्थानं, एकीकडे हे सगळं. दुसरीकडे दवाखाना, रस्ता, मुलांची शाळा. अपंग मूल असलेली आई दुसऱ्या बाजूकडे जास्त झुकते, एवढं मी पाहिलं आहे.

पण 'कुटुंब' कुणाला म्हणायचं हे त्या योजनेत लिहिलेलं आहे. अठरा वर्षांवरचा मुलगा, लग्न झालेलं असो वा नसो, वेगळं कुटुंब. अठरावरची अविवाहित मुलगी वेगळं कुटुंब. विधवा, घटस्फोटिता आणि आईबाप गेलेलं अज्ञान मूलही वेगळं कुटुंब. आणि शारीरिक वा मानसिक अपंग व्यक्ती, वय काहीही असो, बाई असो वा पुरुष, तीही वेगळं कुटुंब.

ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पुन्हा वाचलं. ज्या पोराला घरात, गावात, देवळाच्या वर्गणीच्या वहीत स्वतंत्र माणूस म्हणून कुणी धरलं नव्हतं, त्याला सरकारी यादीनं एकट्याला एक कुटुंब म्हटलं होतं. त्या ओळीसमोर पंधरा लाख रुपये होते.

माझ्याकडचा एक मुलगा तेव्हा अठराच्या उंबरठ्यावर होता. वडील आधीच गेलेले. आई, थोरला भाऊ आणि हा. यादी करायला माणसं आली तेव्हा एका घरातून तीन कुटुंबं लिहिली गेली. त्यानंतर त्या घरात पाहुणे वाढले. वर्षानुवर्षं न फिरकलेले चुलते, मामा येऊन बसू लागले. ते काही वाईट लोक नव्हते. पण पैसा ज्याच्या नावाचा होता त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. तो अंगणात असायचा आणि आत त्याच्याबद्दल बोलणं चालू असायचं.

आई मला म्हणाली, "बाई, त्येला काय कळतंय? त्येच्या नावावर आलं तरी ते आमीच बगनार न्हवं?"

भाऊ म्हणाला, "लहानपणापासून त्याचा अंगठा मीच धरून लावतोय. आता काय वेगळं?"

वेगळं होतं ते एवढंच, की तो आता सज्ञान होणार होता. १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्यापासून अठरा ही रेघ आहे आणि ती ओलांडली की आईसुद्धा कायद्यानं त्याची पालक राहत नाही. हे ऐकलं तेव्हा ती माऊली माझ्यावर रागावली. मी जन्म दिला आणि मी पालक नाही? तिचा राग अगदी खरा होता. हे कुठल्याही आईला एका बैठकीत समजावून सांगता येत नाही, म्हणून मी पुढच्या वेळी गेले तेव्हा पुन्हा सांगितलं, आणि त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा.

बँकेत विचारलं तर पालकत्वाचा कागद आणा म्हणाले. त्यालाही आधार आहे. असा कागद ग्राह्य धरावा, असं रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्ये बँकांना कळवलं आहे. हा कागद राष्ट्रीय न्यास कायद्यातून मिळतो. १९९९ चा हा कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी आहे. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती अशी स्थानिक स्तर समिती असते आणि ती पालक नेमते. लोक इथे अर्ज करतात, कागद घेतात आणि विषय संपला म्हणतात. पण त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात समितीला दोन प्रश्न घालून दिले आहेत. या माणसाला पालकाची खरंच गरज आहे का? असेल तर कोणत्या कामासाठी? हे दोन प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. अर्ज भरायला कोणीही आलं की आधी तेच विचारते.

२०१६ चा कायदा याच्याही पुढे गेला. भारतानं २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांच्या करारावर मोहोर उमटवली होती, हा कायदा त्यातूनच आला. त्याचं तेरावं कलम म्हणतं की अपंग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे, मालमत्ता बाळगायची आणि स्वतःचे पैशाचे व्यवहार सांभाळायचीही. चौदाव्यात मर्यादित पालकत्व आहे. आधी पुरेशी मदत द्यायची, तरीही निर्णय घेता येत नसेल तरच पालक, तोही ठरावीक कामापुरता, ठरावीक काळापुरता, त्या माणसाशी बोलून, त्याच्या इच्छेप्रमाणे. दोन कायदे एकमेकांना घासतात. बँकांना जुना सोयीचा वाटतो, कारण त्यात एका सहीवर काम होतं. मला नवा जास्त पटतो, कारण त्यात पोराला खोलीबाहेर ठेवता येत नाही.

तेराव्या कलमातली आणखी एक गोष्ट मी त्या भावाला वाचून दाखवली. मदत करणाऱ्याचा आणि मदत घेणाऱ्याचा पैशाच्या व्यवहारात हितसंबंध आडवा येत असेल, तर मदत करणाऱ्यानं त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं. भावाला जंगलाबाहेर हल्याळकडे जमीन घ्यायची होती आणि त्याचे स्वतःचे पंधरा लाख पुरत नव्हते. तो बराच वेळ काही बोलला नाही. हाच भाऊ पावसाळ्यात धाकट्याला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणायचा, दवाखान्यात रात्र रात्र बसायचा. त्याला चोर ठरवणं मला जमलं नसतं आणि ते खरंही नव्हतं. प्रेम आणि गरज एकाच माणसात असतात. म्हणूनच निर्णय एकाच माणसाच्या हाती ठेवू नये, असं मी त्याला सांगितलं. पुढच्या खेपेला तो स्वतःच म्हणाला, "आयच्या नावानं अर्ज करू."

पण पैसे कुणी सांभाळायचे याच्या आधीचा एक प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. त्याला इथून जायचं आहे का? बाहेर जाणं स्वेच्छेनं असलं पाहिजे, वनहक्क कायद्यानंही मुक्त आणि माहितीपूर्ण संमती सांगितली आहे. मग ज्याला एकट्याला कुटुंब म्हटलं, त्या कुटुंबाची संमती त्याचीच हवी.

ते काम सोपं नव्हतं, पण ते माझं काम होतं. चमचा धरायला शिकवण्याइतकंच ते शिक्षणाचं काम आहे. मी फोटो काढून आणले. आताचं घर, गोठा, ओढा. नवी जागा, तिथला रस्ता, शेजारची घरं. आधी लहान निवडी. आज भात की भाकरी, हा सदरा की तो. त्याच्या घरात त्याला हे कधी विचारलं जात नसे, सगळं हातात मिळायचं. निवडायची सवयच नसलेल्या माणसाला घर सोडायचं का असं एकदम विचारलं तर तो विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि त्याला जे हवं तेच बोलतो. माझ्या तोंडाकडे बघायचा, तेव्हा मी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत बसायचे.

मग भावानं त्याला जागा दाखवायला नेलं, मीही गेले. तो शेताच्या कडेनं फिरला. जमीन चांगली आहे, रस्ता जवळ आहे, असं आम्ही बोलत होतो. त्यानं दोनच गोष्टी विचारल्या. "पानी कुटं?" आणि "म्हशी कुटं बांदायच्या?"

जागा पाहायला गेलेल्या आम्हा मोठ्या माणसांपैकी दुसरा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. म्हशी विकून जायचं हे घरात गृहीत होतं. परत आल्यावर कितीतरी दिवस तो गोठ्याच्या फोटोवर बोट ठेवायचा आणि मग नव्या जागेच्या फोटोवर. शेवटी त्यानं आईला सांगितलं, "आय येनार, म्हशी येनार, तर मी येनार." मी ते वाक्य तारीख घालून, त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. खाली त्याचा अंगठा, या वेळी कुणी हात न धरता.

तपासणीच्या खोलीत याच मुलाला महिन्यांची नावं सांगता आली नव्हती.

समितीपुढे अर्ज गेला तेव्हा ते वाक्य त्याला जोडलं होतं. आईला पालक नेमलं, तीन कामांसाठी: रकमेची ठेव, औषधोपचार आणि रोजचा खर्च. पालकानं नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हा हिशेब प्रत्यक्षात फार कमी घरांतून जातो. आईला लिहिता येत नाही, मग मी आणि ग्रामपंचायतीचा पुनर्वसन कार्यकर्ता मिळून तिच्याजवळ बसतो. कर्नाटकानं ही एक फार चांगली गोष्ट केली आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत एक कार्यकर्ता, आणि तो अपंगांमधलाच. ज्यानं स्वतः दाखल्यासाठी खेटे घातलेत, त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

सगळ्यांनाच पालक लागतो असं मात्र नाही. मेंदूच्या पक्षाघातानं हातपाय आवळलेली एक मुलगी माझ्याकडे होती. बोलणं अस्पष्ट, बुद्धी लख्ख. तिच्या अठराव्या वर्षीही नातेवाईक पालकत्वाचा अर्ज घेऊन आले. तिला पालकाची काही गरज नव्हती. तिला हवा होता समोरच्याचा वेळ, तिचं वाक्य पुरं होईपर्यंतचा. त्या वर्षी तिनं मतदार यादीत नाव घातलं. सक्षम न्यायालयानं वेडसर ठरवल्याशिवाय बुद्धीच्या कारणावरून कुणाचंही नाव यादीतून वगळता येत नाही, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे आणि अपंगत्वाचा दाखला म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत कर्नाटकात चाळीस टक्क्यांवरच्या अपंगांना घरून मत देण्याची सोय झाली होती. ही सोय मी तिला सांगितली. तिनं नको म्हटलं. तिला केंद्रावर जायचं होतं, सगळ्यांनी पाहावं म्हणून.

अमेरिकेतल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात एक नियम आहे, तो वाचून मला आमच्या वाड्या आठवल्या. मूल सोळा वर्षांचं व्हायच्या आत शाळेनं त्याच्या पुढच्या आयुष्याची आखणी त्याच्या शिक्षण आराखड्यात घालायची. आणि सज्ञान व्हायच्या किमान एक वर्ष आधी, आता तुझे हक्क तुझ्याकडे येणार आहेत, हे त्या मुलालाच सांगायचं. आपल्या कायद्यात हक्क कमी नाहीत, काही बाबतींत जास्तच आहेत. ते सांगायचं कुणी आणि कधी, एवढंच कुठे लिहिलेलं नाही. ते सरळ शिक्षिकेच्या कामात लिहावं, असं माझं ठाम मत आहे. चौदाव्या वर्षीच सुरुवात करावी, चौदाला निवडी शिकवायला लागलं तर अठराला संमती विचारता येते. आणि अठरानंतर निदान दोन वर्षं तिचं घरी जाणं चालू राहावं. यासाठी नवा कायदा लागणार नाही, एक परिपत्रक पुरेल.

ते येईपर्यंत मी माझ्यापुरती एक वही केली आहे. चौदा वर्षं झालेल्या प्रत्येक मुलाचं त्यात एक पान. आधारचे ठसे, बँकेचं खातं, अठराव्या वर्षीचा दाखला कधी, महसूल खात्याच्या नाडकचेरीत निवृत्तिवेतनाचा अर्ज कधी. मतदार यादीसाठी सतराव्या वर्षीच अर्ज देऊन ठेवता येतो, तो दिला का. अपंग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, १९८७ च्या कायद्यानं, हे घरच्यांना सांगितलं का. पालक हवा का, हा प्रश्न पानाच्या अगदी शेवटी आहे आणि बऱ्याच पानांवर त्यापुढे 'नको' असं लिहिलेलं आहे.

त्या मुलाचं कुटुंब आता हल्याळकडे राहतं. दोन म्हशी बरोबर नेल्या होत्या, त्यातली एक म्हातारी झाली आहे. ठेवीच्या व्याजातून नवी घ्यावी असं तो म्हणतो आहे. पालकत्वाच्या आदेशात लिहिलेल्या तीन कामांत म्हैस बसत नाही. आई म्हणाली, रोजच्या खर्चात घालू या, कोण विचारतंय. मी म्हटलं, मावशी, विचारतील, आणि नाही विचारलं तरी पैसा त्याचा आहे. म्हणून आदेशात 'उपजीविकेचं साधन' हे चौथं काम घालावं, असा अर्ज आम्ही समितीकडे दिला आहे. कोणती म्हैस घ्यायची, किती वेताची आणि कुणाकडून, हे त्यानं ठरवलं आहे आणि तेही अर्जात लिहिलं आहे. सुनावणीला तो स्वतः येणार आहे.